पुनर्विवाह मंडळाचं लातूरचं मशीन

लाईट जाणं हा नांदेडात कुणाला सांगत बसण्याचा विषय नाही. पण त्या मंगळवारी आमच्या मंडळाच्या बोळातली लाईट सकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलीच नाही, आणि भोकरच्या एका बाईंचा आप्पासाहेबांना फोन आला. मी तुमच्या मंडळाला मेल पाठवला होता, तो पोचायला उशीर होतोय असा निरोप आलाय, मंडळ बंद पडलं काय?

आप्पासाहेब म्हणजे आमच्या 'नवा संसार पुनर्विवाह सूचक मंडळा'चे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक. विधवा, विधुर आणि घटस्फोटित माणसांची पुन्हा लग्नं जुळवून देणं हे मंडळाचं काम. आता अशा कामात गुप्तता फार लागते. फुकटच्या मेलवर भरवसा नको, बायकांची दुःखं परक्याच्या पेटीत ठेवायची नाहीत, असा आप्पासाहेबांचा बाणा. म्हणून मंडळाचा मेल सर्व्हर मंडळाच्याच कचेरीत, कपाटाशेजारच्या स्टुलावर होता. तो मी बसवला होता. मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात ट्रान्सफॉर्मर शिकवतो. पण आपल्याकडे ज्याला वायर कळते त्याला संगणकही कळतो, मिक्सरही कळतो आणि घड्याळही कळतं असा समज आहे, आणि मी तो कधी खोडून काढला नाही.

"हालगे," आप्पासाहेब म्हणाले, "एक बाई कित्येक दिवस धीर गोळा करते, घरच्यांच्या नकळत चार ओळी लिहिते आणि आपल्या दाराशी येते. आणि आपलं दार बंद! का, तर लाईट नाही. याला काय म्हणावं?"

याला मला जे म्हणावंसं वाटलं ते मुख्याध्यापकांसमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

"दुसरा सर्व्हर हवा. राखीव. दुसऱ्या गावात. इथली लाईट गेली की पत्रं तिकडं जमा व्हावीत, आली की इकडं यावीत. असं होतं का?"

"होतं," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी या एका शब्दापासून सुरू झाल्या आहेत.

घरी येईपर्यंत गल्लीला खबर लागली होती. आमच्या खालच्या मजल्यावर नरसिंग राहतात. मूळचे देगलूरचे, मांडव आणि जनरेटरचा धंदा. त्यांनी मला जिन्यातच अडवलं. "सर, राखीव वस्तूच्या नादी लागू नका. आमच्या मांडवात राखीव जनरेटर असतंय. त्याच्याकडं कोणीच बघत नसतंय. ऐनवेळी उघडलं की आत डिझेल न्हाई, उंदीर! मी सांगून राहिलो, जे कोणी बघत नाही तिथं उंदीरच शिरतंय."

जनरेटरच्या माणसानं मेलबद्दल बोलावं याची मला गंमत वाटली. मी हसून वर गेलो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख धम्मप्रिया मॅडम यांच्याकडे गेलो. विचारायला नाही, सहज. विचारायला जाणं माझ्या हुद्द्याला शोभलं नसतं.

"राखीव सर्व्हर कशाला हवा, सर?" त्या म्हणाल्या. "तुमचा बंद असला तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र स्वतःजवळ ठेवतो आणि चार-पाच दिवस परत परत..."

"आप्पासाहेबांचा शब्द आहे," मी म्हणालो. "लातूरला मेव्हण्याच्या दुकानात ठेवतोय."

"बरं. मग एवढं करा. लातूरच्या मशीनला तुमच्या सगळ्या मेल-पेट्यांची नावं सांगून ठेवा. जी पेटी आपल्याकडे नाहीच, तिचं पत्र त्यानं दारातच नाकारलं पाहिजे. आणि नकोशी पत्रं अडवणारी गाळणी इथं जी लावली आहे तीच तिथंही लावा. नाहीतर स्पॅमवाले मुद्दाम मागच्या दारानं येतात."

"हो, हो," मी म्हणालो. मला 'मागच्या दारानं' एवढंच कळलं होतं, आणि वीरण्णाच्या दुकानाला मागचं दारच नव्हतं.

वीरण्णा म्हणजे माझ्या बायकोचा, सिंधुचा, भाऊ. त्याचं लातूरला गंजगोलाईजवळ इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. साऱ्या लातूरची लाईट गेली तरी त्याच्या दुकानातला पंखा फिरत असतो. मी मशीन घेऊन गेलो तेव्हा त्यानं ते छातीशी धरलं. "दाजी, लाईटीची काळजी सोडा आता. सात पिढ्या विझणार न्हाई हे." आणि बॅटरीत घालायच्या पाण्याच्या कॅनांवर त्यानं ते मांडलं, वर हळदकुंकू वाहिलं.

आता इंटरनेट कंपनीचं एक काम उरलं होतं. मेल पाठवणाऱ्या मशीनचा जो आकडी पत्ता असतो, त्यावरून उलट त्याचं नाव निघालं पाहिजे, नाहीतर जगातले इतर सर्व्हर त्याला चोर समजतात. याला मी आपला 'उलटा पत्ता' म्हणत असे. लातूरच्या कचेरीत खिडकीपलीकडे बसलेल्या गृहस्थांना मी तसंच सांगितलं.

"उलटा पत्ता म्हणजे?"

"म्हणजे पत्त्यावरून नाव. नावावरून पत्ता सगळेच देतात."

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "अर्ज द्या. रहिवासाचा पुरावा, दुकानमालकाचं ना-हरकत, आणि पत्ता जसा पाहिजे तसा लिहून द्या."

मी ना-हरकत आणलं. वीरण्णानं ते स्वतःच स्वतःला दिलं होतं, पण वर शिक्का होता. गृहस्थांनी अर्ज पाहिला आणि मान हलवली. "हा तर सुलटाच हाय." शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी आधी पिनकोड, मग जिल्हा, मग तालुका, मग गल्ली आणि तळाशी वीरण्णाचं नाव असा पत्ता लिहिला. तेव्हा कुठं त्यांचा चेहरा खुलला. "असं सांगा की राव आधी!" त्यांनी तो कागद वर पाठवला. वरच्यांना त्यातून काय कळलं ते देवाला ठाऊक, पण आठवड्याभरात उलटा पत्ता झाला. फक्त इंग्रजीत नाव चढवताना 'एच'च्या जागी कुणीतरी 'डी' दाबला होता. जगातला कुठलाही सर्व्हर आता आमच्या लातूरच्या मशीनला नाव विचारी, तेव्हा ते 'पुनर्विवाद' असं सांगे. दुरुस्तीसाठी नवा अर्ज लागणार होता. मी म्हटलं, जाऊ द्या, मशीन मशीनशी बोलतंय, त्यांना मराठी कुठं येतंय.

एक काम मात्र आप्पासाहेबांनी स्वतःकडे घेतलं. काही कारणानं एखादं पत्र पोचवता आलं नाही, तर सर्व्हर पाठवणाऱ्याला तसं कळवतो. तो मजकूर इंग्रजीत असतो आणि रुक्ष असतो. आप्पासाहेबांना तो मुळीच आवडला नाही. "दुःखी माणसाला असं तोडून बोलायचं?" त्यांनी बसून नवा मजकूर तयार केला आणि मी तो मशीनमध्ये घातला:

'आदरणीय महोदय/महोदया, आपल्या पुनर्विवाहासंबंधी आपण मंडळाकडे पाठवलेलं पत्र आम्हांस स्वीकारता आलं नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण धीर सोडू नये. पुन्हा प्रयत्न करावा. आपली माहिती पूर्णपणे गुप्त राखली जाईल.'

मंडळाच्या कचेरीतलं सगळं काम बघणाऱ्या वर्षाराणीताईंनी तो वाचला. या बाई तिशी ओलांडलेल्या, नवरा अपघातात गेलेला, मंडळाची प्रत्येक चिठ्ठी वाचून स्वतः उत्तर देणाऱ्या. इतक्या लोकांची लग्नं जुळवली, पण स्वतःचं नाव त्यांनी मंडळात कधी घातलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्या म्हणाल्या, "छान आहे, आप्पासाहेब. पण हे चुकून भलत्याच माणसाला गेलं तर?"

"भलत्याला कसं जाईल?" मी म्हणालो. "ज्यानं पाठवलं त्यालाच जाणार."

चाचणी झाली. मी नांदेडचं मशीन मुद्दाम बंद केलं, घरून पत्र पाठवलं, ते लातूरला उतरलं, नांदेडचं चालू करताच इकडे आलं. आप्पासाहेबांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, ट्रान्सफॉर्मरमध्ये माझं आयुष्य उगीच गेलं.

मग चारच दिवसांत वीरण्णाचा फोन. "दाजी, तुमच्या मंडळाला लई मागणी हाय हो! मशीनवरचा दिवा जरा थांबत न्हाई. रातंदिस लुकलुक करून राहिलाय. लोकांचं संसारात मन रमंना झालंय काय?"

मी आप्पासाहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "समाज जागा होतोय, हालगे! आपण दार उघडलं आणि बघा!" मी मान डोलावली. नांदेडच्या पेटीत मात्र रोजचीच पाच-सात पत्रं येत होती. लातूरला शेकड्यानं उतरलेली माणसं नांदेडला येईपर्यंत जातात कुठं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. यश मिळत असताना प्रश्न कुणाला पडतात?

सोमवारी आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर मोबाइल ठेवला. "हालगे सर, हे तुमचंच मंडळ ना?"

मी वाचलं. आदरणीय महोदय, आपल्या पुनर्विवाहासंबंधी.

"सर... आपण पाठवलं होतं?"

प्राचार्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "हा मोबाइल काल घरी चार्जिंगला होता," ते म्हणाले. "आणि मी आंघोळीला गेलो होतो. एवढंच सांगतो."

मी काहीतरी पुटपुटत बाहेर आलो. संध्याकाळी जिन्यात नरसिंग बसलेले दिसले. जवळ जेवणाचा डबा होता, हॉटेलातून आणलेला. त्यांच्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज येत होते, आणि तेलुगूत काहीतरी चाललं होतं, ज्यातला 'पेळ्ळी' म्हणजे लग्न एवढाच शब्द मला कळला. "सर," ते अगदी शांतपणे म्हणाले, "'धीर सोडू नये' असं लिहिलंय त्यात. मी सोडला न्हाई. पण बायकोनं सोडलंय."

मी घाईघाईनं वर गेलो. सिंधु दिवाणखान्यात बसली होती. तिच्या हातात माझा फोन होता.

"काय आहे हे?" तिनं विचारलं. आवाज खाली होता, तेच वाईट.

"अगं, ते सगळ्यांनाच येतंय. प्राचार्यांना आलं, नरसिंगना आलं..."

"म्हणजे सगळ्यांचाच विचार चाललाय?"

"मी पाठवलंच नाही! माझ्या नावानं कुणीतरी पाठवलं."

"तुमच्या नावानं तुमच्याच मंडळाला? आणि तुमच्याच मशीननं तुम्हाला सांगितलं, की पुन्हा प्रयत्न करा?"

हे वाक्य ऐकल्यावर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. एखाद्या बेसावध क्षणी आपण पाठवलं तर नसेल? रागावून माहेरी जायची सोयही तिला राहिली नव्हती, कारण ते मशीन तिच्या माहेरीच होतं. तिनं भावाला फोन लावला. "वीरण्णा, तू पण यात आहेस काय रे?" पलीकडून वीरण्णा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण सिंधु म्हणाली, "हळदकुंकू? कशाला?" आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी मंडळात पोचलो तो एक म्हातारी बाई आप्पासाहेबांच्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. शेजारी चाळिशीचा एक माणूस मान खाली घालून, हातात मोबाइल. बाई कंधारच्या. नाव पार्वतीबाई. माणूस त्यांचा जावई, विनोद. कंधारच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. पार्वतीबाईंची एकुलती एक लेक, म्हणजे विनोदची बायको, तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. तेव्हापासून सासू आणि जावई एकाच घरात राहत होते, कारण दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं.

"लेकीच्या फोटूला हा रोज हार घालतो," पार्वतीबाई सांगत होत्या. "मी म्हनायची, बाई, जावई न्हवं, ल्योक मिळाला. आन् शेजारच्या पोरीनं फोन वाचून दाखविला, तर हे! म्या काय याच्या आड आले आस्ते का? मला सांगायचं तरी. चोरून कशापायी?"

"आई, मी पाठवलं नाही," विनोद म्हणाला. हे तो वाटेत बऱ्याचदा म्हणाला असावा, कारण आवाजात दम उरला नव्हता.

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तांत्रिक सल्लागार मीच होतो. मी पुढे झालो.

"मावशी, त्याचं असं आहे. लातूरला आमचं एक मशीन आहे. तुमच्या जावयांचं नाव खोटं लावून कुणीतरी त्याला पत्र दिलं. मशीननं ते घेतलं. मग नांदेडच्या मशीननं ते घ्यायला नकार दिला. मग लातूरच्या मशीनला वाटलं..."

"मशीनला वाटलं?"

"म्हणजे वाटलं नाही. त्यानं आपलं पत्र परत केलं, ज्याचं नाव होतं त्याला."

"मशीनला कसं ठाव, माझा जावई एकटा हाय?"

प्राचार्य आणि नरसिंग एकटे नसतानाही त्यांना गेलं, हे सांगणं त्या वेळी बरं दिसलं नसतं. इतकी वर्षं वर्गात मी कुणाला काही समजावून सांगत आलो आहे, आणि इथं एका बाईला मला स्वतःलाच न कळलेली गोष्ट समजावत होतो.

तेवढ्यात वर्षाराणीताई पाण्याचे पेले घेऊन आल्या. त्यांनी पार्वतीबाईंना खुर्ची दिली आणि समोर बसल्या. "मावशी, या मंडळाला आलेलं प्रत्येक पत्र मी वाचते. दुसरं कुणी वाचत नाही. तुमच्या जावयांचं एकही पत्र आलेलं नाही. आज नाही, आधीही कधी नाही. ते खरं बोलतात."

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "शपथ?"

"शपथ."

मला वाटलं, सुटलो. पार्वतीबाई पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. आणि एकदम जावयाकडे वळल्या. "न्हाई पाठविलं?"

"नाही, आई."

"का न्हाई पाठविलंस रं?"

जावयाला त्यांनी आजवर कधी अरेतुरे केलं नसावं, कारण विनोद दचकला. पार्वतीबाईंचा राग गेला नव्हता, पण आता तो दुसरीकडूनच येत होता.

"मी उद्या मेले तर तुला भाकरी कोन घालंल? भरलं घर हाय, आन् रोज रेडिओ लावून बसतोस. मला वाटलं, बरं झालं बाई, यानं मनावर घेतलं. मला न सांगता घेतलं याचा राग आला, पर मनावर तरी घेतलं! आन् तू म्हनतोस मशीननं केलं?" त्यांचे डोळे भरून आले. "लेक गेली माझी. तूबी असाच जानार का मुकाट्यानं?"

विनोदनं मोबाइल खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. आप्पासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

पार्वतीबाईंनी नाक ओढलं आणि समोर पाहिलं. "तुमचं लगीन झालंय का, पोरी?"

"झालं होतं, मावशी."

"झालं होतं म्हंजी?"

वर्षाराणीताईंनी सांगितलं. फार थोड्या शब्दांत. पार्वतीबाई ऐकत राहिल्या. मग गाव कोणतं, माहेरी कोण, भाकरी करता का भात, दवाखान्याच्या वासाचं काही वाटतं का, असे प्रश्न त्यांनी विचारायला सुरुवात केली. मला वाटलं म्हातारी गप्पा मारतेय. मी आप्पासाहेबांना म्हणालो, मी निघतो, मला लातूरला जायचंय. आप्पासाहेबांनी मला बाहेर जायची खूण केली आणि माझ्या मागोमाग स्वतःही बाहेर आले, दार हलकेच ओढून घेतलं. हे त्यांनी का केलं, ते मला तेव्हा समजलं नाही.

लातूरला मी वीरण्णाच्या दुकानात बसून धम्मप्रिया मॅडमना फोन लावला. या वेळी सहज नाही. विचारायलाच.

"सर, मी म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या, पण फार लावून धरलं नाही. "तुमच्या लातूरच्या दारावरचा माणूस कुणालाही या म्हणतो. नसलेल्या माणसाचं पत्र घेतो, आत ठेवतो, मग वरच्या खोट्या नावावर परत पाठवतो. त्याला सांगा, आपल्या पाचच पेट्या आहेत. बाकीच्यांना उंबऱ्यावरच नाही म्हण. उंबऱ्यावर नाही म्हटलं की परत पाठवायचा प्रश्नच येत नाही."

मी पाच पेट्यांची नावं घातली. मग नांदेडची गाळणी जशीच्या तशी तिथे लावली. तोपर्यंत बट्टा लागलेली मशीन्स जिथं नोंदवतात अशा कुठल्या तरी परदेशी काळ्या यादीत आमचं नाव चढलं होतं, ते काढायला अर्ज केले. त्यात 'तुमच्या सर्व्हरचं नाव आणि संस्थेचं नाव जुळत का नाही' असा एक प्रश्न होता. 'पुनर्विवाद' म्हणजे काय ते मला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. पण दिवा थांबला. वीरण्णा जरा हिरमुसला. "कसं भरल्यासारखं वाटायचं, दाजी."

मी इथंच थांबायला हवं होतं. पण माझा अपमान झाला होता. प्राचार्य माझ्याशी अजून दार उघडं ठेवूनच बोलत. सिंधु चहा देताना कपाचा कान माझ्याकडे करत नसे. म्हणून मंडळातली माझी स्वतःची जी पेटी होती, तिच्यावर मी आणखी एक गाळणी बसवली. स्पॅमच्या पत्रांत जे जे शब्द पाहिले होते, ते सगळे तिच्यात घातले. 'खास निमंत्रण', 'आपली निवड', 'शुभ संधी', 'अवश्य यावे'. असा एकही शब्द दिसला की पत्र बाजूला. तेव्हापासून माझ्या पेटीत इतकी शांतता पसरली, की मी ती उघडून बघत असे, फक्त समाधानासाठी.

महिना-दीड महिना गेला. तंत्रनिकेतनातल्या परीक्षांमुळे मंडळात माझं जाणं झालं नाही. एक दिवस वीरण्णाचा फोन. "दाजी, परवा कंधारला कधी निघताय? मी लातूरहून सरळच येतो."

"कंधारला काय आहे?"

"लग्न हाय की. विनोदरावांचं आन् वर्षाराणीताईंचं. तुम्हाला... सांगितलं न्हाई?"

मी फोन ठेवला. लातूरच्या बॅटरीवाल्याला बोलावणं आणि मला नाही! ज्याच्या चुकीमुळे हे लग्न जमलं, त्याला साधी सुपारी नाही, तोंडी शब्द नाही! सिंधु म्हणाली, "अहो, फोन करून विचारा ना. काहीतरी घोटाळा असेल."

"निमंत्रण मागून घ्यायचं? हालगे घराण्यात हे झालं नाही, होणार नाही."

"हालगे घराण्यात पुनर्विवाहाचं पत्रही आलं नव्हतं," ती म्हणाली. पण बऱ्याच दिवसांनी ती हसली होती, म्हणून मी ते सोडून दिलं.

लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम जुना बनियन घालून पेपर वाचत बसलो. फोन वाजला. आप्पासाहेब.

"हालगे, कुठवर आलात?"

"मी घरीच आहे," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो. "आम्हाला काही कळवण्यात आलं नाही."

"कळवलं नाही? वर्षाराणीनं स्वतः तुम्हाला तीन पत्रं लिहिली! म्हणाली, सर स्वतःच तर म्हणतात, मंडळाचं पत्र हरवत नाही. उत्तर आलं नाही तेव्हा आम्ही समजलो, येताय. अहो, नोंदणी अधिकाऱ्यासमोर मुलीकडचे साक्षीदार तुम्ही आहात! ते जेवायला जायच्या आत..."

मी पेटी उघडली. बाजूला काढलेल्या ढिगात, 'खास निमंत्रण'खाली, तिन्ही पत्रं होती. तिसऱ्यात वर्षाराणीताईंनी लिहिलं होतं, 'सर, मला वडील नाहीत. सही तुम्ही करावी अशी इच्छा आहे. अवश्य यावे.'

मी बनियनवरच शर्ट चढवला. नरसिंग खाली मांडवाचे बांबू ट्रकमधून उतरवून घेत होते. सिंधुनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण पाच मिनिटांत आम्ही दोघं त्यांच्या ट्रकच्या केबिनमध्ये होतो आणि ट्रक कंधारच्या रस्त्याला लागला होता. "माझं बी लग्न वाचलंय सर," नरसिंग गिअर टाकत म्हणाले. "बायकोनं कालच डबा बंद करून जेवायला वाढलंय. त्या आनंदात सोडतो तुम्हाला."

नोंदणी अधिकारी हात धुवायला उठले होते, तेव्हा आम्ही पोचलो. पार्वतीबाईंनी त्यांना अक्षरशः दंडाला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. मी सही केली. घाईत केल्यामुळे ती माझी वाटत नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. वर्षाराणीताई पाया पडायला वाकल्या. "ते पत्र... माझ्याच गाळणीत अडकलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे, सर," त्या हसल्या. "तुम्ही आलात."

जेवणात बुंदी होती. पार्वतीबाई स्वतः वाढत होत्या, आणि आपण नवरदेवाकडच्या की नवरीकडच्या यावरून आप्पासाहेबांशी वाद घालत होत्या. दोन्हीकडचा आहेर त्यांनी घेतला होता. हात धुवायला मी नळाशी गेलो, तर विनोद मागून आला. इकडे तिकडे बघितलं.

"सर, एक विचारू? माझाच पत्ता त्या चोरांच्या हाती कसा लागला असेल?"

"कुठूनही लागतो," मी म्हणालो. खरं तर मला ठाऊक नव्हतं.

तो नळ उघडा सोडून तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मागच्या वर्षी एकदा मी इंटरनेटवरच्या एका लग्न जुळवणाऱ्या साइटवर गेलो होतो. नाव घातलं, मेल घातला. फोटो घालायची वेळ आली, आणि भिंतीवर हिचा हार घातलेला फोटो दिसला. बंद करून टाकलं. तिथून तर नसेल?"

एवढ्यात पार्वतीबाई बुंदीचं पातेलं घेऊन आल्या. "काय कुजबुजून राहिले दोघं?"

विनोदचा चेहरा पांढरा पडला.

"काही नाही, मावशी," मी म्हणालो. "मशीनचं."

"मग मला नका सांगू, बाबा," त्या म्हणाल्या आणि माझ्या ओल्याच ओंजळीत पळीभर बुंदी ओतून पुढं गेल्या.